सात नंबरचा फोटो

सोमवार, ९ नोव्हेंबर
दुपारचे दोन. दुकान बंद, बाबा आडवे झालेत.

चि. ठकूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा जिथे होता तिथेच आहे, म्हणजे दुखतोय. बाबांचा खोकला गेला, पण खोकल्याची सवय गेली नाही. गिऱ्हाईक आलं की अजून एकदा खाकरून घेतात. शेजारच्या शिंपीणबाईंना नवा चष्मा लागला आणि आता त्यांना स्वतःचंच जुनं शिवण पटत नाही, रोज काहीतरी उसवत बसतात.

तू म्हणशील, शनिवारी फोनवर चांगलं अर्धा तास बोललो, आता पत्र कशाला? अगं, फोनवर तू विचारतेस 'जेवलीस का', मी म्हणते 'जेवले', मग तुझं ऑफिस, माझा गुडघा, आणि मागून बाबांच्या चपला वाजल्या की तू 'ठेवते' म्हणतेस. चार वर्षं आपण अशाच बोलतोय. जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. पत्रात एक सोय आहे, तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

तर आधी बातमी. सावकाश वाच, उभी असशील तर बस. आपल्या छायाचित्र मंडळात काल 'वर्षाचा फोटो' निवडला. तो तुझ्या आईचा आहे. आईने काढलेला, बरं का. आई असलेला नव्हे.

परत वाचलंस ना? मीही कालपासून मनातल्या मनात तेच करतेय.

कसं झालं ते सगळं सांगते. तुला माहीत आहे, एकतीस वर्षं मी या दुकानात थर्माकोल धरून उभी आहे. समोर गिऱ्हाईक, कॅमेऱ्यामागे बाबा, आणि चौकटीच्या बाहेर मी, गिऱ्हाईकावर उजेड परतवणारा पांढरा तक्ता हातात. 'जरा वर. जरा खाली. अगं, इतका नाही, भूत दिसतोय तो.' लोक म्हणतात, काय उजेड असतो हो तुमच्या फोटोत. आणि बाबा म्हणतात, हो, तेवढं बघावं लागतं. कोण बघतं ते मला ठाऊक, माझ्या खांद्यांना ठाऊक. ते मला 'स्टँड' म्हणतात हे तू लहानपणी ऐकून किती हसायचीस. मीही हसायचे. खोटं कशाला बोलू, काही दिवशी नाही हसायचे.

या उन्हाळ्यात एका दुपारी बाबा असेच लवंडले होते आणि मी शिंपीणबाईंकडे बाही आत घ्यायला गेले. तीनचा सुमार. त्यांच्या दारासमोरची भिंत नुकतीच पांढरी रंगवलीय. तिच्यावरून उजेड सरळ दारात शिरतो आणि शिलाई मशीनवर येऊन बसतो. बाईंच्या तोंडात टाचण्या, डाव्या गालावर तो उजेड, आणि उजवा गाल काळोखात बुडालेला. माझे हात आपोआप उचलले गेले, तक्ता धरल्यासारखे. हातात तक्ता नव्हता, बाही होती. मला माझंच हसू आलं. पण घरी येईपर्यंत डोक्यातून ते जाईना.

दुसऱ्या दिवशी बाबा झोपल्यावर मी कॅमेरा उचलला. हो, त्यांचाच. चोरून. या वयात नवऱ्याच्या वस्तू चोरताना छाती किती धडधडते म्हणून सांगू.

पहिल्या दिवशीचे फोटो इतके वाईट होते की मी ते लगेच पुसून टाकले. मी बाईंना म्हटलं होतं, 'हनुवटी जरा वर, माझ्याकडे बघा, हसा.' सगळं बाबांचंच बोलणं माझ्या तोंडून. आणि बाई बसल्या अगदी ओळखपत्रावरच्या माणसासारख्या. मग मी बोलायचंच सोडून दिलं. रोज तीन वाजता जायचे, तक्ता त्यांच्या इस्त्रीच्या टेबलाला टेकवून ठेवायचे, जमिनीपासून गुडघ्याइतका उंच, थोडा मागे कललेला, आणि कोपऱ्यात स्टुलावर बसायचे. पाच-सहा दिवसांत बाई मला विसरल्या. साडेतीन आठवड्यांनी एका दुपारी दुकानाच्या आतल्या बाजूने एका गिऱ्हाईक पोरीने काहीतरी विचारलं, बाईंनी मान वळवली, टाचण्या हातात काढून घेतल्या, आणि उत्तर द्यायच्या आधीचा तो एक क्षण मला मिळाला. दाबताना कळलं की हा आला.

फोटो असा आहे. बाई डावीकडे बसल्यात, बघतायत उजवीकडे, आणि उजवीकडे निम्मी चौकट नुसती काळपट, मागे कापडांचं रॅक अंधुक दिसतं. हात दिसतात दोन्ही, एकात टाचण्या, दुसऱ्याचं कोपर मशीनवर. डोक्याचा वरचा भाग किंचित कापला गेलाय. बाबांच्या शब्दांत सांगायचं तर एकात तीन गुन्हे.

छपाई माझ्याकडेच असते, त्यामुळे त्यांना पत्ता लागायचा प्रश्न नव्हता. पाकिटात घालून मंडळाच्या पेटीत टाकला आणि घरी येऊन भांडी घासली.

आता कालचं. वाचनालयाच्या वरची तीच खोली, त्याच डुगडुगत्या खुर्च्या, तीसेक माणसं. तुझ्या वेळचे नियम अजून तसेच आहेत. फोटोवर नाव नाही, फक्त नंबर. तीन परीक्षक एकेक फोटो स्टँडवर घेऊन सगळ्यांसमोर बोलणार. आणि ज्याचा फोटो असेल त्याने निकाल लागेपर्यंत ब्र काढायचा नाही. हा नियम बाबांनीच केलेला. परीक्षक म्हणजे बाबा, चित्रकलेचे सर, आणि आपले पासपोर्टवाले, जे स्वतःच्या दुकानात पंचवीस वर्षं माणसाचे दोन्ही कान दिसतायत ना एवढंच बघत आलेत. मी नेहमीसारखी शेवटच्या रांगेत, चहाच्या थर्मासजवळ.

पहिले सहा फोटो बाबांनी सोलून काढले. एकाची हनुवटी छातीत रुतलीय, एकाच्या नाकाची सावली ओठापर्यंत आलीय, एकीच्या डोक्यातून मागचा दिव्याचा खांब उगवलाय. नवरा म्हणून काय म्हणायचं ते म्हण, पण या माणसाची नजर आहे. सहा नंबरचा तो तरणाबांड मुलगा घामाने निथळत होता बिचारा.

सात नंबर स्टँडवर आला आणि मी थर्मासचं झाकण उगाच घट्ट करायला लागले. बाई कोण ते सगळ्यांनी ओळखलं, पण त्यांच्याकडे गावातलं कोण जात नाही?

बाबा उठले. ते दोन काळे काटकोनी पुठ्ठे घेतले. तुला आठवतात ना, फोटोवर सरकवून कुठे कापायचं ते दाखवतात ते. म्हणाले, 'उजवीकडची निम्मी जागा वाया घालवलीय. ही अशी काढू.' आणि पुठ्ठा आत सरकवला. बाई उजवीकडे बघतायत ना, त्या एकदम भिंतीला नाक लावून बसल्यासारख्या दिसायला लागल्या. बाबा थांबले. पुठ्ठा परत बाहेर नेला. मग खालून सरकवला, हात झाकले. पासपोर्टवाले खूश होऊन म्हणाले, 'हां, आता छान.' बाबा म्हणाले, 'छान काय, पासपोर्ट झाला हा.' सगळे हसले. पुठ्ठा परत खाली. मग वर डोक्याशी काहीतरी करून पाहिलं. तीनदा, ठकू. तीनदा आत, तीनदा बाहेर. शेवटी दोन्ही पुठ्ठे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, 'यात माझ्या हाताला काम नाही. ज्याने काढलाय त्याने कापून झाल्यावरच काढलाय.'

तुला सांगते, माझ्या लग्नात मी इतकी लाजले नव्हते.

सर चष्मा कपाळावर चढवून फोटोच्या अगदी जवळ गेले. 'बसलेत कशा बघा. कोणी बसवलेलं नाही. आणि डोळ्यांत दोन ठिपके आहेत उजेडाचे. एक मोठा, तो दाराचा. हा खालचा बारका कसला?'

आता बाबा वाकले. बराच वेळ वाकलेले. मग सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. म्हणाले, 'तो थर्माकोल आहे. गुडघ्याइतका उंच, मागे कललेला. असा धरणारं माणूस मला एकच माहीत आहे.' आणि तीस जणांच्या डोक्यांवरून सरळ माझ्याकडे बघितलं. 'फोटो कोणाचा ते मला कळत नाही. पण तक्ता कोणी धरलाय ते मी ओळखलं. माझ्याच दुकानातलं माणूस बाहेर जाऊन दुसऱ्याचे तक्ते धरतंय.'

अगं, त्यांना वाटलं मी पासपोर्टवाल्यांना फितूर झाले. पासपोर्टवाले शपथा घ्यायला लागले की वहिनींनी माझ्याकडे कधी पाऊलही टाकलेलं नाही. मला हसू आवरेना आणि तोंड तर उघडायचं नाही, नियम. मी आपली थर्मास मांडीवर घेऊन बसले.

मग चिठ्ठ्या झाल्या. तिसापैकी तेवीस सात नंबरला. त्यांतली एक बाबांची, अक्षर मी ओळखते. रागावून का होईना, दिली.

'सात नंबर कोणाचा?'

मी उठले. गुडघ्यामुळे एकदम उठवत नाही, खुर्ची करकरली. पासपोर्टवाले म्हणाले, 'वहिनी, चहाचं नंतर बघू, आधी निकाल होऊ दे.'

मी म्हटलं, 'निकालाचंच सांगतेय. सात नंबर माझा.'

बाबांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? 'कॅमेरा कोणाचा?'

'तुमचा. तुम्ही झोपला होतात.'

'आणि तक्ता?'

'इस्त्रीच्या टेबलाला टेकवला होता.'

'टेबलाला,' ते म्हणाले. दोनदा म्हणाले. मग खाली बसले, आणि टाळ्या त्यांनीच सुरू केल्या. मागून सगळी खोली. शिंपीणबाई नव्या चष्म्यातून रडत होत्या, मी त्यांना मुद्दाम बोलावून बसवलं होतं. सहा नंबरच्या मुलाने येऊन पायांना हात लावला तर मला सुचेचना, मी त्याला चहा दिला.

बाबा उठलेले दिसतायत, आत नळ वाजला. चार वाजता एका कुटुंबाचा फोटो आहे. बाकीचं उद्या लिहिते. बाकीचं आहे, आणि ते लिहायचं म्हणूनच हे सगळं लिहिलंय.

मंगळवार, सकाळ

काल चार वाजता काय झालं ते आधी सांगते, त्याने माझा धीर वाढेल. कुटुंब आलं, आजोबा, सून, दोन मुलं. मी तक्त्याला हात घातला तर बाबांनी तो माझ्या हातून काढून घेतला आणि कॅमेऱ्याकडे मान केली. 'तू काढ.' मी म्हटलं, 'अहो, गिऱ्हाईक आहे.' तर म्हणे, 'मग नीट काढ.'

आणि स्वतः तक्ता घेऊन उभे राहिले. कसले उभे राहतात, दोन मिनिटांत हात खाली. मी म्हटलं, 'वर धरा. अहो इतका नाही, आजोबा भूत दिसतायत.' गिऱ्हाईक हसायला लागलं आणि तोच फोटो सर्वांत चांगला आला. रात्री झोपताना बाबांनी दोन्ही खांद्यांना मलम चोळून घेतलं माझ्याकडून. चोळताना म्हणाले, 'एकतीस वर्षं?' मी म्हटलं, 'हो.'

आता उरलेलं.

वर्षाच्या फोटोवाल्याला दोन शब्द बोलायला लावतात. मी मनात 'आभारी आहे' एवढंच ठेवलं होतं. पण समोर उभी राहिले, शेजारी माझा फोटो, त्याच स्टँडवर, आणि मला चार वर्षांपूर्वीचा तुझा दिसायला लागला.

तुझा फोटो मला पाठ आहे. पुढे ते बँकेतले निवृत्त साहेब खुर्चीत, आणि उजव्या कडेला मी, तक्ता धरलेली. तू म्हणाली होतीस, 'आई, उजेड त्यांच्यावर पडायच्या आधी तुझ्यावर पडतो, बघ ना.' मी बघितलं. मला काय दिसलं सांगू? बाहीतून बाहेर आलेला दंड. विस्कटलेले केस, आवळलेले ओठ. पायांत दोन वेगवेगळ्या चपला. घरातली कामवाली चुकून फोटोत आल्यासारखी मी.

तू मंडळात तो दिलास. बाबांनी सगळ्यांसमोर पुठ्ठा सरकवून मला झाकलं आणि म्हणाले, 'एवढं काढलं की फोटो होतो.' तू नियम मोडून उभी राहिलीस. बाबांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणालीस, 'आई, तू सांग.' आणि मी म्हटलं, 'बाबा म्हणतात ते बरोबर आहे.'

आठव्या दिवशी तू बॅग भरलीस. म्हणालीस, ज्या माणसाला स्वतःची बायको फोटोतली घाण वाटते त्याच्याकडून मला काही शिकायचं नाही. त्यानंतर तू त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाहीस.

ठकू, मंडळातल्या त्या निकालाच्या आदल्या दुपारी काय झालं ते तुला माहीत नाही. बाबा घरी फोटोंना नंबर लावत होते, तेव्हा ते काम त्यांच्याकडे असायचं. मला हाक मारली. तुझा फोटो हातात, आणि चेहरा असा की जणू लॉटरी लागलीय. म्हणाले, 'नाव नाही, पण हा आपल्या पोरीचा आहे. तिने मला मागे टाकलं. उद्या पहिला नंबर हाच.' मी बघितलं आणि म्हटलं, 'मला त्यातून काढा.' ते म्हणाले, 'वेडी आहेस का, तुझ्याशिवाय त्यात राहतं काय?' मी रडले. म्हटलं, तीस लोकांसमोर माझं हे ध्यान मांडणार असाल तर मी उद्या येत नाही, आणि दुकानात तक्ताही धरत नाही. तासभर समजावत होते. मग म्हणाले, 'बरं.'

तो पुठ्ठा त्यांच्या हातात होता, पण सरकवला मी.

तू गेल्यावर मी त्यांना म्हटलं, तिला खरं सांगते. त्यांनी मला अडवलं. 'तिचं माझ्याशी तुटलंय ते तुटलंय. तुझ्याशीही तुटलं तर तिला या घरातलं बोलायला कोण राहील? राहू दे.' आणि मी राहू दिलं. एक दिवस नाही, चार वर्षं. दर शनिवारी तुझा फोन चालू आहे हे कळलं की ते आपण होऊन अंगणात जायचे, तुला मोकळं बोलता यावं म्हणून. तुला चपला वाजायच्या त्या आत येणाऱ्या वाटायच्या. त्या बाहेर जाणाऱ्या असायच्या, गं.

मी भित्री होते. दुसरं कारण नाही, शोधूही नकोस.

परवा हे सगळं मी त्या खोलीत बोलले. तीस जणांसमोर. आवाज फाटत होता पण बोलले. म्हटलं, या जागेवर चार वर्षांपूर्वी एक चांगला फोटो मेला आणि तो मी मारला, आणि दोष एका गप्प माणसाने घेतला. बाबा मान खाली घालून चष्मा पुसत होते, काच झिजेल इतका. शेवटी म्हणाले, 'बस आता, पाय दुखतील.' मी बसले. आणि ठकू, लाज वाटेल असं वाटलं होतं, पण इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. पहिल्या नंबरापेक्षाही.

मग पासपोर्टवाले उठले. त्या माणसाला मी आयुष्यभर नावं ठेवली, पण परवा त्यांनीच सांगितलं, 'प्रदर्शनाच्या भिंतीवर या वर्षीच्या फोटोशेजारी तोही लागला पाहिजे. न कापता.' सगळ्यांनी हात वर केले. बाबांनी दोन्ही.

घरी येताना बाबा कोपऱ्यावर थांबले. मग म्हणाले, 'तीस लोकांना सांगितलंस. जिला सांगायचं तिला?' म्हणून हे पत्र.

प्रदर्शन २८ तारखेला उघडतं. अख्खा फोटो तुझ्याकडेच आहे. पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. मी त्यात जशी आहे तशी भिंतीवर लागणार आहे, दंड, केस, चपला सगळ्यासकट, आणि मी शेजारी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार आहे की हा माझ्या मुलीने काढलाय, आणि ही मी.

राग आला असेल. यायलाच हवा. तो घेऊन ये, पण योग्य माणसावर काढ. बाबांशी भांडायला तुझ्याजवळ आता काही उरलेलं नाही. ते दारात उभे असतील, त्यांना आधी भेट. माझ्याशी मग भांडत बस, मी कुठे जात नाही.

तो फोटो कापायला लावणारी,
तुझी आई